निफाडच्या बागेतून युरोप कसा दिसतो

जानेवारी संपत आला की नाशिकच्या आमच्या निफाड-पिंपळगाव या द्राक्षांच्या पट्ट्यात एकच प्रश्न कानावर पडतो, "माल युरोपचा आहे का?" बाहेरच्या माणसाला वाटेल द्राक्षं युरोपातून आलीत की काय, पण इथे याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. मणी १६-१८ एमएमचा, घड मोकळा, रंग एकसारखा, मण्यावर डाग नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेसिड्यूचा, फळात उरलेल्या फवारणीच्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट पास. याच्या खाली मग रशियाचा माल, दुबईचा माल, बांगलादेशचा माल आणि शेवटी लोकल. आमच्याकडे युरोप हा नकाशावरचा भाग नाहीच, ती मालाची एक प्रत आहे, आणि रिपोर्टचा कागद आहे.

मागच्या सीझनला मामाच्या पॅकहाऊसवर बसलो होतो, कंटेनर भरायचं काम चालू होतं, तेव्हा मामाने विचारलं, "आपण युरोप युरोप करतो रे, पण हा युरोप म्हणजे नेमका कोण? इंग्लंड त्यात आहे का? स्वित्झर्लंड? आणि नियम करतो कोण, हॉलंडवाला का जर्मनीवाला?" मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचंच काम करतो तरी मला नीट सांगायला तासभर लागला, मध्येच दोनदा अडखळलो. म्हटलं हे एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी मूळ गोष्ट. युरोपियन युनियन म्हणजे आज २७ देशांचा गट, लोकसंख्या साधारण ४५ कोटी. सुरुवात सहा देशांनी केली, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स (आपण ज्याला हॉलंड म्हणतो) आणि लक्झेंबर्ग. आधी १९५१ ला कोळसा आणि पोलादाचा एकत्र कारभार, मग १९५७ ला रोममध्ये मोठा करार. कारण साधं होतं, फ्रान्स आणि जर्मनी ७० वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढले होते, आणि लढाईला जे लागतं तो कोळसा आणि पोलादच सामाईक करून टाकलं तर परत लढणार कसे, असा विचार. युरोपियन युनियन हे नाव मात्र बरंच नंतरचं, मास्ट्रिख्टच्या करारातून आलं, तो १९९३ ला लागू झाला.

मामाला मी असं सांगितलं. समजा २७ भावांच्या वाटण्या झाल्या. सातबारा वेगळा, चूल वेगळी, पोरांच्या लग्नाचं ज्याचं त्याने बघायचं. पण ठरलं असं की विहीर सामाईक, बांधावरचा रस्ता सामाईक, आणि व्यापारी दारात आला की भाव सगळ्यांच्या वतीने एकच माणूस बोलणार. आता व्यापाऱ्याला काय दिसणार? त्याला एकच घर दिसणार, भक्कम, एका आवाजात बोलणारं. पण पाव्हणेरावळे विचारा, ते सांगतील की या दोघांचं बोलणं बंद आहे आणि तो धाकटा दर दिवाळीला वेगळं व्हायची भाषा करतो. दोघंही खरंच सांगतायत, फक्त दोघं वेगवेगळ्या दारातून आत बघतायत. युरोपियन युनियनबद्दल बाहेरच्या जगात जी मतं आहेत ना, ती सगळी अशी आहेत, कोण कुठल्या दारात उभा आहे त्यावर ठरलेली.

आता आपलं दार. व्यापार हा विषय पूर्णपणे युनियनच्या हातात आहे. नेदरलँड्सला भारताशी वेगळा व्यापार करार करताच येत नाही, जर्मनीला वेगळी कस्टम ड्युटी लावता येत नाही. फळातल्या औषधाच्या अंशाची मर्यादा, जिला आपण एमआरएल म्हणतो, तीसुद्धा सप्टेंबर २००८ पासून सगळीकडे एकच आहे. त्याआधी बऱ्याच औषधांना प्रत्येक देशाची वेगळी यादी असायची. आणि एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेलीच नसेल तर सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो धरायची. हा आकडा डोळ्यासमोर यायला हवा, म्हणजे १०० टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. दहाएक एकराचा माल आणि त्यात चिमूटभर. औषध मारताना शेजारच्या टोमॅटोच्या वावरातून वाऱ्यावर आलेला फवारासुद्धा कधी कधी नडतो तो यामुळेच.

शिवाय त्यांच्याकडे एक तातडीच्या सूचनेची यंत्रणा आहे, १९७९ पासून चालू आहे, रॅसफ म्हणतात तिला. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात एका कंटेनरमध्ये काही सापडलं तर ती खबर सगळ्या देशांत जाते. त्यामुळे हॉलंडला नाही तर इटलीला विकू असं करता येत नाही, सगळ्या भावांना एकदम कळतं. पण गंमत बघा, रॉटरडॅमला सॅम्पल काढणारा माणूस युनियनचा नसतो, तो डच सरकारचा असतो. युनियनचे स्वतःचे कस्टम ऑफिसर नाहीतच. नियम सगळ्यांचा, अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या बंदरावर. कस्टम ड्युटीसुद्धा देश गोळा करतो, स्वतःकडे २५ टक्के ठेवतो आणि ७५ टक्के युनियनच्या तिजोरीत भरतो.

२०१० चं साल आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखावी, डोळ्यात घड चांगला भरावा म्हणून तेव्हा सर्रास सीसीसी मारायचे, क्लोरमेक्वाट क्लोराइड. वर्षानुवर्षं चालू होतं. मारायचं एप्रिल-मे मध्ये आणि माल निघणार पुढच्या फेब्रुवारीत, त्यामुळे फळात काही उतरत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतही ते नव्हतं. युरोपातल्या लॅबना ते सापडलं. त्यांची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो होती, आपला माल वर निघाला. कंटेनर तिकडे अडकले, समुद्रात होते त्यांचं काय करायचं कळेना, पैसे थांबले, आणि ज्यांनी सोसायटीचं कर्ज काढून पॅकहाऊस उभी केली होती ती घरं पुढची कितीतरी वर्षं त्यातून बाहेर आली नाहीत. मी तेव्हा कॉलेजला होतो. घरात रात्री जेवताना कुणी बोलायचं नाही ते मला अजून आठवतं. नंतर ते औषध आपल्याही यादीत आलं, पुण्यात मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे तिथून दरवर्षी कुठलं औषध चालेल, काढणीआधी किती दिवस थांबायचं (म्हणजे पीएचआय) याची यादी निघते आणि आज शेंबडं पोरही पीएचआय म्हणजे काय ते सांगतं. पण त्या एका सीझनने इथल्या दोन पिढ्यांच्या मनात युरोपचं चित्र पक्कं करून टाकलं, की युरोप म्हणजे जो नाकारतो तो.

आणि हे चित्र चूक नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शहाणे लोक म्हणतात शेतकऱ्याला युरोपियन युनियन कळत नाही. त्याला त्याच्या दारातून जेवढं दिसतं तेवढं अगदी बरोबर कळतं, युनियनचा कारभार चालतो त्या ब्रसेल्समध्ये बसणाऱ्यांना स्वतःची ही बाजू कदाचित इतकी दिसतही नसेल.

फक्त एक गोष्ट आपण उगाच युनियनच्या माथी मारतो. जर्मनीतल्या काही मोठ्या सुपरमार्केट साखळ्या म्हणतात की आम्हाला कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच अंश चालेल, आणि एकूण औषधं चार-पाचच सापडली पाहिजेत. हा कायदा नाही, ही त्या खरेदीदाराची अट आहे. ग्लोबलगॅपचं सर्टिफिकेटही तसंच, ते खासगी आहे, किरकोळ विक्रेत्यांनी मिळून १९९७ ला सुरू केलेलं, तेव्हा नाव युरेपगॅप होतं. गावात मात्र सगळं एकाच खात्यावर, "युरोपने नियम कडक केला." फरक पडतो कारण कायद्याबद्दल बोलायचं तर आपलं सरकार, शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी सरकारी संस्था अपेडा, हे युनियनशी बोलू शकतात, पण खरेदीदाराच्या अटीबद्दल बोलायचं तर ते एक्स्पोर्टरनेच सौदा करताना बोलायला पाहिजे. एका वर्षी आमचा माल कायद्यात बसत होता तरी "युरोपात फेल" म्हणून सांगून भाव पाडला गेला. रिपोर्ट आम्ही मागितला तो सीझन संपल्यावर, आणि मग कळलं की युरोपात नाही, एका दुकानाच्या यादीत फेल होता. तोच माल दुसऱ्या खरेदीदाराला चालला असता.

आता इंग्लंड. मामाचा पहिला प्रश्न तोच होता. इंग्लंड ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, त्यांच्या मर्यादांची यादी आता वेगळी आहे, सुरुवातीला युनियनचीच उचलली पण पुढे दोन्ही याद्या आपापल्या वाटेने चालल्यात. म्हणून हल्ली पॅकहाऊसमध्ये "युके वेगळं, युरोप वेगळं" असं म्हणतात. पण आत असताना काय व्हायचं त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१४ चा हापूस. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. कारण फळमाशी, २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये कीड सापडली होती. आता हापूस तिकडे खातं कोण? बहुतेक सगळा लंडन-लेस्टरच्या आपल्याच लोकांकडे जायचा. लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी आवाज उठवला की आमच्या दुकानदारांचं नुकसान होतंय, पण बंदी ब्रिटनची नव्हती, सगळ्या गटाची होती. आपल्याकडे पेपरात आणि कट्ट्यावर मात्र "इंग्रजांनी हापूस बंद केला" असंच चाललं होतं. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, आंब्याला गरम पाण्याची प्रक्रिया वगैरे सक्तीची झाली. अमेरिकेची तऱ्हा अजून वेगळी, त्यांना विकिरण केलेला आंबा लागतो, आणि २००७ ला तो पहिल्यांदा गेला तो आमच्याच लासलगावच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्लांटमधून. कांद्यासाठी बांधलेला प्लांट आंब्याच्या कामी आला.

स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, नॉर्वेही नाही. नॉर्वेच्या लोकांनी १९७२ ला आणि १९९४ ला असं दोनदा मतदान करून नको म्हटलं. पण नॉर्वे त्यांच्या बाजारात आहे, त्यामुळे बाजाराचे नियम जवळपास सगळे पाळतो आणि ते ठरताना मात्र त्याला मत नाही. व्हिसाचा शेंगेन गट तर अजूनच वेगळा, त्यात हे दोघंही आहेत, आणि युनियनमध्ये असूनही आयर्लंड त्यात नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याच्या दृष्टीने युरोप म्हणजे हे शेंगेन. आणि मास्टर्सला जर्मनीला निघालेल्या पोरांना विचाराल तर त्यांना युनियन दिसतच नाही, कारण लांब मुदतीचा व्हिसा ज्या त्या देशाचा, तिथे जर्मनीचा नियम, जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), जर्मनीचीच अपॉइंटमेंट. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मशिनरीवाल्यांसाठी परत युनियन येते, कारण सीई मार्क, म्हणजे युनियनच्या नियमांत बसल्याची खूण, असल्याशिवाय माल उतरत नाही. आणि वायनरीवाल्यांना विचारलं तर ते युरोपकडे गिऱ्हाईक म्हणून बघत नाहीत, प्रतिस्पर्धी म्हणून बघतात. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के ड्युटी होती तिचा आडोसा गेला तर काय, ही त्यांची काळजी. एकाच तालुक्यात दोन बांधांवर, एकाला युरोपचं दार उघडायला हवंय आणि दुसऱ्याला ते उघडायची धास्ती, आणि दोघंही द्राक्षच पिकवतात. भारत आणि युनियनमधली मुक्त व्यापाराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला ठप्प झाली आणि २०२२ ला परत सुरू झाली, इतकी वर्षं लागायचं एक कारण हेही आहे.

जिथे युनियनच्या हातात पूर्ण अधिकार नाही तिथे ती कशी दिसते, ते कोविशिल्डच्या वेळी कळलं. जुलै २०२१ ला त्यांचं डिजिटल सर्टिफिकेट सुरू झालं, त्यात अॅस्ट्राझेनेकाची युरोपात मान्यता असलेली लस होती पण पुण्यात बनलेली कोविशिल्ड नव्हती. इथे लोक भयंकर चिडले, आणि चिडणं साहजिक होतं, तीच लस, फक्त बनवायची जागा वेगळी. पण थोड्याच दिवसांत जर्मनी, ऑस्ट्रिया, स्पेन, ग्रीस अशा देशांनी एकेकट्याने कोविशिल्ड मान्य केली. आरोग्य आणि कुणाला आत घ्यायचं हे बरचसं देशांच्या हातात होतं ना, म्हणून. द्राक्षाच्या बाबतीत असं कधीच होणार नाही, जर्मनी एकटा उठून म्हणणार नाही की आम्हाला हा अंश चालतो. जिथे चूल सामाईक नाही तिथे प्रत्येक भावाशी वेगळं बोलता येतं.

बाहेरचे लोक युनियनला कसं बघतात याचा रीतसर अभ्यास होतो हे मला बऱ्याच उशिरा कळलं. न्यूझीलंडच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीत २००२ पासून हे काम चालू झालं आणि मग आशियातल्या बऱ्याच देशांत पोचलं. पद्धत तीन प्रकारची, एक म्हणजे तिथल्या पेपरात आणि टीव्हीवर युनियनबद्दल काय आणि किती येतं ते मोजायचं, दुसरं सामान्य लोकांचा सर्व्हे, आणि तिसरं व्यापारी, पुढारी, पत्रकार यांच्या मुलाखती. २०१५ ला युनियनने स्वतःच दहा मोठ्या देशांमध्ये असा अभ्यास करून घेतला, त्यात भारत होता, चीन, अमेरिका, रशिया, ब्राझील, जपान वगैरेही होते. या सगळ्या कामातून साधारण जे निघतं ते आपल्या कट्ट्यावरच्या चर्चेपेक्षा वेगळं नाही. व्यापारातली ताकद म्हणून युनियन सगळ्यांना दिसते, राजकारणात फिकी दिसते, आणि बातम्यांमध्ये युनियनपेक्षा फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन हेच जास्त दिसतात. माझ्या मते या अभ्यासांत एक कोपरा राहून जातो. पेपर वाचणारे, मुलाखती देणारे हे शहरातले लोक. जो माणूस वर्षातून चार महिने रोज युरोपच्या नियमांनुसार पंप पाठीला लावतो तो कुणाच्या सर्व्हेत येतो?

आणि आपलंच दार धरून बसलो तर बाकीच्यांचं काय दिसतं तेही कळणार नाही. तुर्कस्तानने १९८७ ला अर्ज केला, २००५ ला बोलणी सुरू झाली, अजून उंबऱ्यावरच आहे. १९८७ लाच मोरोक्कोनेही अर्ज केला होता, त्यांना तुम्ही युरोपात येत नाही म्हणून परत पाठवलं. २०१३-१४ च्या थंडीत युक्रेनमध्ये कीवच्या चौकात लोक युनियनचा निळा झेंडा घेऊन उभे होते, त्यातल्या कित्येकांचा जीव गेला. ज्या झेंड्याकडे बघून आमच्याकडे रेसिड्यू आठवतो त्याच झेंड्यासाठी कुणी गोळ्या झेलल्या, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरंच बराच वेळ गप्प बसलो होतो. इंडोनेशिया-मलेशियाचा पाम तेलवाला शेतकरी मात्र आपल्यासारखाच बोलेल, जंगलतोडीच्या नावाखाली युरोप आमचं तेल अडवतो म्हणून.

शब्दांनीही चित्र बनतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये युनियनचे तेव्हाचे परराष्ट्र प्रमुख जोसेप बोरेल म्हणाले की युरोप ही बाग आहे आणि बाकीचं बरचसं जग जंगल. जगभरातून टीका झाली, नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी जूनमध्ये ब्राटिस्लाव्हाला आपले परराष्ट्र मंत्री जयशंकर बोलले होते की युरोपचे प्रश्न म्हणजे जगाचे प्रश्न पण जगाचे प्रश्न युरोपचे नाहीत, या विचारातून युरोपने बाहेर यायला हवं. ती क्लिप आमच्या द्राक्षाच्या ग्रुपवर पण आली होती, एरवी तिथे फक्त हवामान आणि भाव येतात. बागेचं ते वाक्य मला जास्त लागलं, कारण त्यांच्या ताटातली द्राक्षं ज्या बागेतून जातात ती बाग आमची आहे.

एवढं सगळं ऐकून मामा म्हणाला, "बरं, आपल्याला ते असे दिसतात. त्यांना आपण कसे दिसतो?"

रॉटरडॅमच्या खरेदीदाराला निफाड, दिंडोरी, पिंपळगाव काही दिसत नाही. त्याच्यासाठी दक्षिण गोलार्धाचा माल ओसरत आला की येणारा फेब्रुवारी ते एप्रिलचा "इंडिया सीझन" आहे. डब्यावर इंडिया लिहिलेलं असतं, नाशिकच्या द्राक्षांना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे तरी. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या आणि माल उशिरा पोचला, तेव्हा तिकडच्या दुकानात बातमी एवढीच, की इंडिया लेट आहे. फक्त पेटीवर एक नंबर असतो, ग्रेपनेट या अपेडाच्या ऑनलाइन नोंदणीत असलेल्या बागेचा. काही सापडलं की त्या नंबरावरून उलटं शोधत थेट आपल्या शेताच्या गटापर्यंत येता येतं.

मामा उठला, एक पेटी वळवून तो नंबर बघितला आणि पोराला म्हणाला, "हा फोटो काढून ठेव रे, आणि या कंटेनरचा रिपोर्ट आजच मागून घे, सीझन संपायची वाट बघू नको."